चाकाकडून फिरवून बघ

"मग माझं चुकलं कुठं, ते तरी सांगा की चाचा!"

शर्वरीनं हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. तिसऱ्यांदाही दस्तगीरचाचांनी मान वर केली नाही. बाकावरच्या गिअरबॉक्सच्या झाकणाचे स्क्रू ते एकेक करून काढत होते. काढायचा, वाटीत टाकायचा, मग पुढचा. घाई म्हणून कसली ती नाहीच.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका बोळाच्या टोकाला चाचांचं वर्कशॉप. बोर्ड नाही, काही नाही. मोटर जळली, गिअरबॉक्स बसला, की लोक विचारत विचारत तिथं पोचतात. म्हातारा सत्तरीच्या पुढचा. शाळा चौथीपर्यंत. पण कॉलेजचे प्राध्यापकसुद्धा अडले की मुकाट्यानं त्या बोळात गाडी लावतात.

चाचांची एक खोड होती. दुरुस्त केलेला गिअरबॉक्स मालकानं स्वतःच्या हातानं फिरवून बघितल्याशिवाय ते तो दारातून बाहेर जाऊ देत नसत. आणि फिरवायचा तो मोटरीकडून नाही, चाकाकडून. लोक वैतागायचे. "अहो, चाकाकडून कोण फिरवतंय?" म्हणायचे. चाचा म्हणायचे, "रस्ता फिरवतोय. तू फिरव."

आणि शर्वरी चौगुले कोण, तर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची, वर्गात पहिली, आणि कॉलेजच्या रोबोट टीमची कॅप्टन. यातलं एकही समोरच्याला फार वेळ विसरू द्यायची नाही ती. पण पोरगी वाईट नव्हती हां, उगीच गैरसमज नको. मरमर काम करायची. तिचं दुखणं एवढंच, की दुसऱ्याचं काम बरोबर असू शकतं यावर तिचा विश्वासच बसत नसे.

स्पर्धा शनिवारी होती. दोन रोबोट एका गोल रिंगणात सोडायचे, त्यांनी एकमेकांना ढकलायचं, जो रेषेबाहेर गेला तो हरला. यंत्रांची कुस्तीच म्हणा ना. आज गुरुवारची दुपार, आणि सकाळीच सरावात तिसरा गिअरबॉक्स मोडला होता.

झाकण निघालं. आत काळं ग्रीस, आणि त्यात पितळी चकाकणारे तुकडे.

"दात किती गेले?" चाचांनी विचारलं.

"तुम्हीच बघा ना."

"मला धड दिसत न्हाई. आन् बोटं साखरेनं बधिर झाल्यात. तू बोट फिरवून सांग."

शर्वरीनं नाक मुरडत ग्रीसमध्ये बोट घातलं. "पाच गेलेत. सहावा अर्धा."

"पाच आन् अर्धा," चाचा म्हणाले, आणि झाकण बाजूला ठेवलं. परत मोजलं नाही, भिंग आणलं नाही. शर्वरीला नवलच वाटलं. तिच्या टीममध्ये कुणी स्क्रू मोजून दिले तरी ती ते पुन्हा मोजायची.

"आता हिशेब सांग."

हे मात्र तिच्या आवडीचं. वही उघडून तिनं स्पर्धेच्या नियमांपासून सुरुवात केली. मोटर मिनिटाला इतके फेरे, गिअरबॉक्स पन्नासाला एक, म्हणजे चाकावर इतका जोर; रोबोटचं वजन पंधरा किलो, टायरची पकड इतकी, म्हणून ढकल इतकी. दोन पानं झाली. चाचा डोळे मिटून ऐकत होते. मध्ये एकदा तिला वाटलं, झोपले की काय.

"हिशेब बरोबर हाय," डोळे न उघडता ते म्हणाले.

"मग मोडला कसा?"

...

चाचांनी तिच्या पिशवीतला चौथा, नवा कोरा गिअरबॉक्स काढून तिच्या हातात दिला. "मोटरीकडून फिरव."

तिनं बारीक दांडी चिमटीत धरून फिरवली. आतला स्क्रू फिरला, त्यात अडकलेलं पितळी दातांचं चाक संथपणे सरकलं. लोण्यासारखं मऊ फिरत होतं.

"मोटर बोलली, चाकानं ऐकलं," चाचा म्हणाले. "आता चाकाकडून फिरव."

तिनं जाडी दांडी धरली. नाही. दोन्ही हातांनी धरली. दात-ओठ खाल्ले, बोटं लाल झाली, दांडी तसूभर हलली नाही.

"नाहीच फिरणार, चाचा! वर्म गिअरबॉक्स आहे हा. उलटा फिरतच नाही. म्हणून तर घेतला मी!" तिचे डोळे चमकले. "समोरचा कितीही ढकलू दे, माझं चाक मागं फिरणार नाही. एक इंच सरकणार नाही माझा रोबोट."

"विहिरीतनं बादली वढायला झकास हाय ह्यो," चाचा म्हणाले. "हात सोडला तरी बादली जाग्यावर. पण तुझ्या गड्याला समोरनं धडक बसली. चाकाला दणका बसला. चाकाला काहीतरी सांगायचं हाय मोटरीला. ऐकणार कोण?"

शर्वरीनं दांडीवरचा हात काढला.

"दणका जाईल कुठं?"

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि तिची नजर बाकावरच्या उघड्या खोक्याकडं गेली.

"दातांवर," ती हळूच म्हणाली.

"हं."

"मग... मग पितळेच्या जागी पोलादाचं चाक बसवून द्या तुम्ही."

"दिलं. मग दांडी मोडंल."

"दांडी जाड करू."

"मग बुडाची पट्टी वाकंल. पट्टी जाड केलीस तर वजन वाढंल, पंधराच्या वर जाशील, आत घेणारच न्हाईत तुला."

"पण मागं सरकला की हरला ना, चाचा?"

"रेषेबाहेर गेला की हरला. मघा तूच सांगितलंस की."

...

बाहेर बोळातून कुणाचा तरी टेम्पो गेला. चाचांनी स्टोव्हवर चहाचं पातेलं ठेवलं आणि पाठमोऱ्यानंच विचारलं, "एवढी मोठी टीम तुमची. ह्ये तुला कुणी सांगितलं न्हाई?"

"नाही," शर्वरी म्हणाली.

झटकन बोलून गेली, आणि कान गरम झाले तिचे. धडधडीत खोटं होतं ते.

सांगितलं होतं. प्रणोती कांबळेनं सांगितलं होतं. प्रणोती म्हणजे रोबोट चालवणारी. रिमोट तिच्या हातात असला की पंधरा किलोचं धूड मांजरासारखं वळायचं. तीन वर्षं डिप्लोमा करून मग थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलगी, वडिलांच्या सायकलच्या दुकानात लहानपणापासून हात काळे केलेली. पहिला गिअरबॉक्स मोडला तेव्हाच ती म्हणाली होती, "शर्वरी, याला थोडं मागं फिरता आलं पाहिजे गं. सगळं आतच अडतंय त्याचं. दुसऱ्या जातीचा घेऊ."

आणि शर्वरीनं सगळ्या टीमसमोर, फर्स्ट इयरच्या पोरांसमोर तिला सुनावलं होतं, "तू फक्त चालव. डिझाइन हे डिप्लोमावाल्यांचं काम नाही."

प्रणोतीनं रिमोट टेबलावर ठेवला होता. हळूच ठेवला, आपटला नाही. आठ दिवस झाले, ती लॅबकडं फिरकली नव्हती. शर्वरीनं स्वतः रिमोट धरून बघितला, तर रोबोट गेला तो थेट भिंतीवर. तिच्याशिवाय शनिवार म्हणजे नुसतं हसं होणार होतं, हे शर्वरीला चांगलं ठाऊक होतं. पण खरं सांगायचं तर स्पर्धेचं तिला एवढं काही वाटत नव्हतं. डबा खाताना समोरची जागा रिकामी असायची, ते तिला सोसत नव्हतं. आणि हे ती कुणाला सांगणार? म्हणून मग गिअरबॉक्स, गिअरबॉक्स करत सगळं गाव पालथं घालत होती.

चाचांनी पुन्हा काही विचारलं नाही. फळीवरून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं काढलं आणि तिच्यासमोर ठेवलं. "ह्ये बघ चालतंय का."

दोन गिअरबॉक्स होते, गोल, मुठीएवढे. जुन्या मशीनमधून काढलेले असावेत, पण घासूनपुसून लख्ख केलेले. तिनं एकाचं झाकण उघडलं. मधल्या एका छोट्या चाकाभोवती तीन चाकं, जोर तिघांत वाटून घेणारी. प्लॅनेटरी म्हणतात त्याला. वर्गात तिनं त्याच्यावर दहापैकी दहा मार्क मिळवले होते.

"चाकाकडून फिरव."

तिनं जाडी दांडी धरली. जरा नेट लागला, आणि मग ती फिरली. पलीकडची मोटरीकडची दांडी गरगर उलटी फिरायला लागली. तिनं सोडली, पुन्हा फिरवली. सोडली, पुन्हा फिरवली. लहान पोराच्या हातात खुळखुळा द्यावा तसं झालं तिचं.

"ह्यो बोलतो बी आन् ऐकतो बी," चाचा म्हणाले. "धडक बसली तर जरा मागं सरंल. मग तुझी मोटर त्याला परत पुढं रेटंल. मोडायचं कारण काय?"

"पण हा आमच्या पट्टीवर बसणार कसा? आमच्या बोल्टची भोकं वेगळ्या..."

बोलता बोलता ती थांबली. तिनं गिअरबॉक्स उलटा केला.

चार भोकं होती. नवीन पाडलेली, कडा कानस मारून गुळगुळीत केलेल्या. तिनं पिशवीतून रोबोटची पट्टी काढली आणि वर धरली. चारही भोकं अचूक जुळली. ही मापं टीमबाहेर कुणालाच माहीत नव्हती.

मग तिला दोन्ही गिअरबॉक्सच्या बाजूला चिकटवलेल्या पांढऱ्या चिठ्ठ्या दिसल्या. एकावर बॉलपेननं लिहिलं होतं 'डावं', दुसऱ्यावर 'उजवं'. रोबोटच्या प्रत्येक वायरवर अशीच चिठ्ठी होती, याच अक्षरात. शर्वरी त्यावरून टीममध्ये चेष्टा करायची: "प्रणोती, पुढच्या वेळी माझ्या चपलांवरपण लिही."

"ही... ही कधी आली होती?"

"कोण?"

"चाचा!"

"गेल्या गुरुवारी आली," चाचांनी चहा गाळला. "दोन दिवस त्या ड्रिलपाशी बसून होती. जाताना म्हणाली, आमच्यातलं कुणी आलंच तर द्या. न्हाई आलं तर ऱ्हाऊ द्या."

भांडण बुधवारी झालं होतं. म्हणजे दुसऱ्याच दिवशी.

"मग तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"नाव सांगू नका म्हणाली. आन् मी कुठं सांगितलं?"

शर्वरीला हसू यायला हवं होतं. त्याऐवजी रडू आलं, आणि आलं ते असं की आवरेचना. आठ दिवसांचं साचलेलं होतं सगळं. त्या मुलीनं अपमान गिळून, आपल्यामागं, आपल्याच रोबोटसाठी दोन दिवस भोकं पाडली, कडा घासल्या, वर डावं-उजवं लिहून ठेवलं. आणि आपण? आपण मघाशी 'नाही' म्हणून मोकळे झालो.

चाचांनी तिला 'रडू नको' म्हटलं नाही. हात पुसायचा कापसाचा बोळा तेवढा पुढं केला. तिनं त्यानंच डोळे पुसले आणि गालभर काळं ग्रीस फासून घेतलं.

"चाचा, मी खोटं बोलले. तिनं सांगितलं होतं मला. पहिल्याच दिवशी."

"चहा घे. गार होतोय."

चहा अर्धा झाल्यावर तिनं फोन काढला. बराच वेळ टाइप करत बसली.

"काय लिवलंस? मला वाचून दाखीव."

"'गिअरबॉक्स बदलतोय. शनिवारी ये.'"

"कुणाच्या सांगण्यावरनं बदलतीस?"

तिनं पुसलं. पुन्हा लिहिलं. "'तू म्हणत होतीस तसलाच बसवतेय, पण वेळ कमी आहे म्हणून...'"

"'पण' कशाला त्यात?"

तिनं तेही पुसलं. मग मात्र लिहायला काही राहिलंच नाही. तिनं सरळ फोन लावला. रिंग वाजली, वाजत राहिली. शेवटच्या घटकेला कुणीतरी उचलला.

"प्रणोती... तुझं बरोबर होतं. मी चुकले. आणि त्या दिवशी तुला जे बोलले ते फार वाईट बोलले."

"कुठं आहेस?" प्रणोतीनं विचारलं.

"दस्तगीरचाचांकडं."

फोन बंद झाला.

"ठेवला तिनं," शर्वरी म्हणाली. तिचा चेहरा एवढासा झाला. "नाही येणार ती. मीसुद्धा आले नसते."

चाचा जळलेल्या मोटरीची तार सोडवत होते. शर्वरी स्टुलावर बसून राहिली. उठून जावं असं तिला दोनदा वाटलं. पण दोन्ही गिअरबॉक्स मांडीवर घेऊन ती तशीच बसली.

वीस-पंचवीस मिनिटांनी बोळात स्कूटी थांबली.

प्रणोती दारातच उभी राहिली. आत आली नाही. हेल्मेट हातात, डोळे सुजलेले.

"डिप्लोमावाली म्हणालीस तू मला."

"हो."

"सगळ्यांसमोर."

"हो."

"फर्स्ट इयरची पोरंपण हसली. माहीताय तुला? बाबांनी तीन दिवस विचारलं, कॉलेजला का जात नाहीस. काय सांगणार होते मी त्यांना? तुमच्या दुकानात शिकले ते तिथं चालत नाही म्हणून?"

शर्वरीच्या जिभेवर बरंच काही आलं. मी ताणात होते. मला तसं म्हणायचं नव्हतं. तू लगेच निघून गेलीस. सगळं तयार होतं, एकामागोमाग एक, आणि तसं बघितलं तर खरंही होतं. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. प्रणोती बोलत राहिली, आणि शर्वरी ऐकत राहिली. प्रत्येक वाक्य लागत होतं. पण ती जागेवरून हलली नाही, आणि एकदाही मध्ये बोलली नाही.

शेवटी प्रणोतीच थांबली. तिनं शर्वरीच्या तोंडाकडं नीट बघितलं.

"हे काय फासून घेतलंयस गालाला?"

"ग्रीस."

"वेडी आहेस का तू?" प्रणोती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. हेल्मेट खाली ठेवून ती आत आली. शर्वरी उठली, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. प्रणोतीच्या पांढऱ्या कुर्त्याला काळा डाग पडला तो पडलाच.

मग अर्ध्या तासात दोन्ही गिअरबॉक्स पट्टीवर बसले. प्रणोती बोल्ट आवळत होती, शर्वरी वॉशर हातात देत होती. चार वॉशर मागितले, तिनं चार दिले. प्रणोतीनं ते पुन्हा मोजले नाहीत. चाचांनी आपल्या रिवाजाप्रमाणं दोघींना चाकाकडून फिरवून बघायला लावलं. डावं फिरलं. उजवं फिरलं.

पट्टी पिशवीत घालता घालता शर्वरीच्या मनात पुन्हा धाकधूक झाली. तीन मोडले होते. हाही मोडला तर?

"चाचा," तिनं विचारलं, "शनिवारी टिकेल ना हा?"

चाचांनी मोटरीवरची नजरसुद्धा उचलली नाही.

"मला कशाला विचारतीस बाई? तिला विचार."